छोट्या वायरलेस इंटरनेटवाल्यांसाठी रेडिओचं सर्टिफिकेट: काय बघायचं, कुठे अडकतं

वायरलेस इंटरनेटच्या धंद्यात नवीन उतरलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो कुठला रेडिओ घेऊ, किती किलोमीटर मारेल, किती एमबीपीएस देईल. रेडिओ सर्टिफाइड आहे का हा प्रश्न येतो तो थेट कोणीतरी तक्रार केल्यावर किंवा टेंडरमध्ये कागद मागितल्यावर. मग विक्रेत्याला फोन जातो, तो म्हणतो "हो हो, सगळं अप्रूव्ह्ड आहे", एक पीडीएफ पाठवतो, आपण ती न उघडता फोल्डरमध्ये टाकतो आणि विषय मिटला असं समजतो. ती पीडीएफ उघडून वाचायची कशी आणि त्यात नसलेलं काय शोधायचं, ते इथे सांगतोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. सर्टिफिकेट मिळतं ते रेडिओ, त्याला लावलेला अँटेना, ठरलेली पॉवर आणि आतलं सॉफ्टवेअर या सगळ्या जुळणीला. लॅबमध्ये जी जुळणी टेस्ट झाली तीच टॉवरवर असली पाहिजे. डबा तोच पण अँटेना दुसरा असेल तर तुमच्याकडचा कागद त्या जुळणीचा नाहीये, आणि छोट्या प्रोव्हायडरांची गाडी दहातल्या नऊ वेळा इथेच अडकते.

आता कागद कुठला. प्रत्येक देशाचा नियामक वेगळा आणि पद्धतही वेगळी. अमेरिकेत एफसीसी आहे, तिथे लॅबमध्ये टेस्ट होते, मग टीसीबी नावाच्या मान्यताप्राप्त संस्था रिपोर्ट तपासून एफसीसीच्या वतीनं ग्रँट, म्हणजे मंजुरीचा कागद, देतात, आणि ती मिळाल्याशिवाय माल विकता येत नाही. युरोपात २०१४ च्या रेडिओ इक्विपमेंट डायरेक्टिव्हप्रमाणे कंपनी ठरलेल्या स्टँडर्डनुसार टेस्ट करून स्वतःच जाहीर करते की माल नियमात बसतो, त्या कागदाला डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी म्हणतात आणि डब्यावर सीई खूण येते. भारतात दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल देते, ज्याला सगळे ईटीए म्हणतात, त्याचा अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो, आणि शिवाय टीईसी या दूरसंचार विभागाच्याच तांत्रिक संस्थेचं एमटीसीटीई नावाचं वेगळं सक्तीचं टेस्टिंग आहे, तर तुमचा माल त्या यादीत येतो का तेही बघावं लागतं.

एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालत नाही. लॅबचा टेस्ट रिपोर्ट बरेचदा दुसऱ्या देशाच्या अर्जाला जोडता येतो, पण मंजुरी ज्या त्या देशाचीच लागते. हे नुसतं कागदी घोडे नाचवणं नाहीये बरं का. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा बँड लायसन्सशिवाय वापरता येतो आणि झाडांमधून जायला तो चांगला, म्हणून तिथले वायरलेसवाले तो आवडीनं वापरतात. तोच रेडिओ उचलून जीएसएम ९०० वापरणाऱ्या देशात लावला तर तो थेट मोबाइल कंपनीच्या अपलिंकवर बसतो, कारण तिथे ८९० ते ९१५ मध्ये लोकांचे फोन टॉवरशी बोलत असतात. मोबाइल कंपनीकडे इंटरफेरन्स शोधायला गाड्या असतात, माणसं असतात, आणि ती माणसं तुमच्या मास्टपाशी (अँटेना लावलेल्या खांबापाशी) यायला फार वेळ लागत नाही. भारतात त्या कामासाठी ८६५ च्या आसपासचा बँड मोकळा आहे, युरोपातही तसाच, आणि त्यासाठी वेगळं मॉडेल घ्यावं लागतं.

लेबलपासून सुरुवात करा

डबा हातात आला की आधी त्याच्या पाठीमागचं लेबल बघा, खोक्यावरचं किंवा ब्रोशरमधलं नाही. आणि पॉवर अडॅप्टरवरचं तर अजिबात नाही. पीओई इंजेक्टरवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणाऱ्या त्या अडॅप्टरवर, सीई, एफसीसी, काय काय छापलेलं असतं, ते त्या इंजेक्टरपुरतं असतं, रेडिओशी त्याचा काही संबंध नाही, तरी त्याचाच फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर "सर्टिफिकेट" म्हणून पाठवणारे विक्रेते आहेत.

दुसरी हातचलाखी जरा बारीक आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूतून थोडाफार नको असलेला रेडिओ कचरा बाहेर पडतो आणि त्याची एक साधी टेस्ट असते, ती अगदी अँटेना नसलेल्या स्विचचीही होते. कधीकधी पाठवलेला रिपोर्ट तेवढाच निघतो. ट्रान्समीटर म्हणून झालेली टेस्ट वेगळी असते आणि आपल्याला ती हवी. रिपोर्ट उघडून पहिल्या दोन-तीन पानांत कुठल्या नियमाखाली टेस्ट केलीय ते बघा. अमेरिकन रिपोर्ट असेल तर २.४ गिगाहर्ट्झसाठी १५.२४७ आणि ५ गिगाहर्ट्झसाठी १५.४०७ हे आकडे दिसले पाहिजेत, ५.८ च्या जुन्या मालावर १५.२४७ सुद्धा दिसेल. युरोपचा असेल तर २.४ ला ईएन ३०० ३२८, ५ गिगाहर्ट्झला ईएन ३०१ ८९३, आणि ५.८ च्या फिक्स्ड लिंकना ईएन ३०२ ५०२. यातलं काहीच नसेल आणि नुसतं इएमसी (तीच रेडिओ कचऱ्याची टेस्ट), सेफ्टी असं लिहिलेलं असेल तर तो रिपोर्ट आपल्या कामाचा नाही.

तुम्ही अमेरिकेत नसलात तरी डब्यावर एफसीसी आयडी असेल तर तो टाकून बघाच, कारण एफसीसीचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे आणि त्यात जेवढी माहिती मिळते तेवढी कंपनीच्या वेबसाइटवरही मिळत नाही. आयडीचे दोन भाग असतात. पहिला ग्रँटी कोड, तो तीन अक्षरांचा असतो किंवा पाच, पाचवाला आकड्यानं सुरू होतो, आणि त्यापुढे कंपनीनं दिलेला प्रॉडक्ट कोड. शून्य आणि ओ मध्ये गल्लत झाली की काही सापडत नाही आणि माणूस उगाच घाबरतो की माल नकली आहे.

सापडलं की तिथे टेस्ट रिपोर्ट, मॅन्युअल, लेबलचा नमुना, बाहेरचे आणि आतले फोटो असं सगळं असतं. आतले फोटो मुद्दाम बघा. संशय असेल तर एक युनिट उघडा आणि बोर्ड ताडून बघा, कारण लेबल कोणीही छापतो. सर्किट डायग्राम मात्र बहुतेक वेळा गोपनीय ठेवलेला असतो, तो दिसला नाही म्हणून काही वावगं समजू नका.

ग्रँटचं पान दिसायला साधं असतं, एका पानाचं, पण प्रत्येक ओळ महत्त्वाची. फ्रिक्वेन्सी रेंजच्या ओळी बघा: समजा ५७३० ते ५८४५ एवढीच ओळ आहे आणि ५२५० ते ५३५० ची ओळच नाही, तर त्या डब्याला त्या बँडची मंजुरीच नाहीये, सेटिंगमध्ये तो चॅनेल दिसत असला तरी. शेजारी आउटपुट वॅट. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात ग्रँट नोट्स. तिथे लिहिलेलं असतं की दिलेली पॉवर कंडक्टेड (अँटेनाच्या आधी, रेडिओच्या कनेक्टरवर मोजलेली) आहे, अँटेना माणसांपासून किती अंतरावर हवा, इन्स्टॉलेशन प्रोफेशनल माणसानंच करायचं, फक्त पॉइंट टू पॉइंट (एका जागेवरून एकाच जागेला) वापर. ही शेवटची अट दिसली आणि तुम्ही तो रेडिओ सेक्टरला (एका बाजूच्या रुंद पट्ट्यात सिग्नल देणाऱ्या अँटेनाला) लावून चाळीस ग्राहक चालवणार असाल तर खरेदी तिथेच थांबवा.

ईटीएच्या बाबतीत एवढा मोठा गठ्ठा बघायला मिळत नाही. तिथे मुख्य काम मॉडेल नंबर ताडण्याचं. ईटीए मॉडेलप्रमाणे असतो, मॉडेलच्या शेवटी एक अक्षर जरी वेगळं असेल तर ते वेगळं मॉडेल, आणि "सेम प्रॉडक्ट आहे हो, फक्त नाव बदललंय" हे तोंडी चालत नाही, तसं असेल तर कंपनीकडून त्या नावाचा कागद मागा.

अँटेना

छोटा प्रोव्हायडर पैसे वाचवतो ते इथेच, रेडिओ एका कंपनीचा, सेक्टर दुसऱ्या, पिगटेल (दोघांना जोडणारी छोटी केबल) तिसऱ्या. चालतं का? चालतं, पण नियमात राहून. एफसीसीच्या १५.२०४ या नियमात २००४ साली बदल झाला आणि बरीच सोय झाली: टेस्ट केलेल्या अँटेनाच्याच प्रकारचा आणि तेवढ्याच किंवा कमी गेनचा (गेन म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो, तो डीबीआयमध्ये मोजतात) दुसऱ्या कोणाचा अँटेना असेल तर नवीन सर्टिफिकेशन लागत नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये १७ डीबीआयचा सेक्टर असेल तर दुसऱ्या कंपनीचा १६ चा सेक्टर बसतो. १९ चा नाही. आणि १६ डीबीआयची डिश सुद्धा नाही, कारण प्रकार बदलला. त्यामुळे टेस्ट रिपोर्टमधली किंवा मॅन्युअलमधली अँटेनाची यादी, प्रकार आणि गेनसकट, काढून ठेवा, खरेदीच्या वेळी तोच कागद समोर हवा.

मध्ये लावायचा अँप्लिफायर घेऊच नका. सुटा बूस्टर विकत आणून रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये टाकणं ही जुनी खोड आहे, आणि एफसीसीच्या नियमात अँप्लिफायर त्या सर्टिफाइड सिस्टिमचा भाग म्हणूनच चालतो. शिवाय त्यानं नॉइज पण वाढतो, ऐकू येणारं काही सुधारत नाही, ते वेगळंच.

पॉवरचा हिशोब

हा हिशोब कागदावर करा, सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. ईआयआरपी म्हणजे अँटेनातून त्याच्या दिशेनं निघणारी एकूण ताकद: रेडिओची पॉवर डीबीएम या मापात, त्यात अँटेनाचा गेन मिळवायचा, केबलचा लॉस वजा करायचा. अमेरिकेत २.४ आणि ५.८ ला मूळ मर्यादा ३० डीबीएम आणि ६ डीबीआय, म्हणजे एकूण ३६. अँटेना ६ च्या वर गेला की पॉइंट टू मल्टिपॉइंटमध्ये (एका जागेवरून अनेक ग्राहकांना) जेवढे डीबी वर तेवढी पॉवर खाली आणायची. १६ डीबीआयचा सेक्टर म्हणजे दहा वर, तर पॉवर २०.

आता इथे फसगत होते ती चेनची, म्हणजे एकाच रेडिओत एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्समीटरांची. रेडिओ दोन चेनचा असेल तर ते २० दोन्ही चेनचे मिळून आहेत, प्रत्येकी १७. चार चेनचा असेल तर प्रत्येकी १४. काही रेडिओंच्या सेटिंगमध्ये एकूण आकडा दाखवतात, काहींच्यात प्रति चेन, आणि मॅन्युअल वाचल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून नवीन मॉडेल आलं की आधी हे शोधून इन्स्टॉल करणाऱ्या पोरांना लिहून द्या.

पॉइंट टू पॉइंटला सवलत आहे. २.४ मध्ये ६ च्या वर दर ३ डीबीला १ डीबी कमी करायचा, म्हणजे २४ डीबीआयची डिश असेल तर १८ वर, त्याचे ६ कमी, पॉवर २४, एकूण ४८ डीबीएम. ५७२५ ते ५८५० मध्ये (म्हणजे ५.८ ला) तर फिक्स्ड पॉइंट टू पॉइंटला गेनसाठी काही कमीच करावं लागत नाही. पण एकाच जागी तीन-चार डिश लावून सगळ्यांतून तीच माहिती पाठवायची आणि त्याला पॉइंट टू पॉइंट म्हणायचं, ही पळवाट नियमात नाव घेऊनच बंद केलेली आहे.

युरोपात हेच आकडे फार खाली आहेत, २.४ ला एकूण २० डीबीएम, ५४७० ते ५७२५ ला ३०, म्हणून अमेरिकन माणसानं सांगितलेली "एवढ्या किलोमीटरला एवढा सिग्नल येतो" ही गणितं दुसरीकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तुमच्या देशाचं नोटिफिकेशन उघडून आकडे तिथूनच घ्या. भारतात ५ गिगाहर्ट्झसाठी ते २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये निघालं.

रडार

५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मध्ये रडारचा मान पहिला. रेडिओनं डीएफएस चालवायचं असतं: चॅनेलवर बोलायच्या आधी एक मिनिट नुसतं ऐकायचं, रडार ऐकू आलं की दहा सेकंदांत चॅनेल सोडायचा, आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. ५६०० ते ५६५० मध्ये हवामान रडार असतात म्हणून युरोपात तिथे एक मिनिटाऐवजी दहा मिनिटं ऐकावं लागतं, त्यामुळे रेडिओ रीबूट झाल्यावर लिंक दहा मिनिटं आली नाही म्हणून टॉवरवर माणूस चढवू नका, आधी चॅनेल बघा.

लोक काय करतात, डीएफएसमुळे लिंक तुटते म्हणून ते बंद करायचा मार्ग शोधतात, कंट्री कोड दुसराच टाकतात, कधी "टेस्ट मोड" चालू ठेवतात. पोर्टो रिकोमध्ये सान हुआनच्या विमानतळासाठीचं डॉप्लर रडार आहे, जमिनीलगतच्या वाऱ्याचे धोकादायक झोत पकडणारं, विमान उतरताना तेच बघतात. त्याला आसपासच्या ५ गिगाहर्ट्झ रेडिओंचा त्रास झाला, एफसीसीची माणसं मीटर घेऊन मास्टपर्यंत पोचली आणि वायरलेस इंटरनेटवाल्यांवर दंडाची कारवाई झाली. यात पकडलं जाणं सोपं असतं, कारण रडारच्या पडद्यावर तुमच्या टॉवरच्या दिशेनं सरळ एक रेघ उमटते. डीएफएसचा त्रास नकोच असेल तर अमेरिकेसारखं जिथे ५.८ ला डीएफएस लागत नाही तिथे ५.८ ला जा, तिथे गर्दी असते पण रात्री झोप लागते.

फर्मवेअर आणि कंट्री कोड

२०१४ साली एफसीसीनं ५ गिगाहर्ट्झचे नियम बदलले तेव्हा एक अट आली की बाहेरच्या कोणाला सॉफ्टवेअर बदलून रेडिओ मंजुरीबाहेर चालवता येऊ नये. त्यामुळे उबिक्विटीच्या काय किंवा मायक्रोटिकच्या काय, रेडिओ बनवणाऱ्या कंपन्यांच्या अमेरिकेसाठीच्या आवृत्त्या वेगळ्या असतात, चॅनेल कुलूपबंद. इतर देशांसाठीच्या आवृत्तीत देश निवडता येतो, आणि तो निवडणं ही तुमची जबाबदारी. जुना, दुसऱ्या देशातून आलेला माल स्वस्त मिळतो तेव्हा हे आधी विचारा.

प्रत्येक अपग्रेडनंतर देश, चॅनेल, पॉवर आणि अँटेना गेन हे चार आकडे परत बघायची सवय लावा. गेनचा आकडा तर खास, कारण बरेच रेडिओ तुम्ही भरलेल्या गेनवरूनच पॉवर आपोआप कमी करतात, आणि तिथे शून्य राहिलं असेल तर रेडिओ बिचारा पूर्ण ताकदीनं ओरडत बसतो. सगळ्या टॉवरच्या कॉन्फिगचा बॅकअप स्क्रिप्टनं काढत असाल तर त्याच स्क्रिप्टला हे चार आकडे तपासायला लावा, अर्ध्या तासाचं काम आहे.

स्वतः जुळवलेला रेडिओ

बोर्ड एक, त्यात मिनी पीसीआय कार्ड (लॅपटॉपमध्ये बसतं तसलं वायफाय कार्ड), वरून वॉटरप्रूफ डबा. "कार्ड सर्टिफाइड आहे" हे खरंही असतं. पण ते कार्ड बहुतेक वेळा लॅपटॉपमधल्या दोन-तीन डीबीआयच्या अँटेनाबरोबर टेस्ट झालेलं असतं, आणि तुम्ही त्याला सेक्टर लावलाय. अशा कार्डाची, म्हणजे मॉड्यूलची, मंजुरी त्याच्या अटींसकट येते, बाहेरच्या डब्यावर "आत अमुक आयडीचं मॉड्यूल आहे" असं लेबलही लावावं लागतं, आणि अटीबाहेर गेलात की एफसीसीच्या नजरेत निर्माता तुम्ही.

मग रस्ते दोन. एक म्हणजे मूळ ग्रँट ज्याच्या नावावर आहे त्याला सांगायचं की हा अँटेना तुझ्या यादीत घाल. त्याला क्लास २ परमिसिव्ह चेंज म्हणतात, नवीन अँटेनाबरोबर टेस्ट करून टीसीबीकडे अर्ज जातो, आयडी तोच राहतो. कंपनीला तुमच्यासारखे आणखी ग्राहक दिसले तर ती करतेही, म्हणून तोच अँटेना वापरणाऱ्या चार-पाच प्रोव्हायडरांनी मिळून मागणी केलेली बरी. दुसरा रस्ता स्वतःच्या नावावर सर्टिफिकेशन: ग्रँटी कोड घ्या, लॅब गाठा, एकच जुळणी पक्की करा, सगळ्यात जास्त गेनचा अँटेना प्रत्येक प्रकारातला एक देऊन टेस्ट करून घ्या म्हणजे खालचे सगळे आपोआप बसतात. लॅबला जायच्या आधी रेडिओ सतत ट्रान्समिट करायला लावणारं टेस्ट सॉफ्टवेअर चिपवाल्याकडून मिळवा, ते नसेल तर लॅबमध्ये नुसते बसून तासांचं बिल चढत राहतं. माझं मत विचाराल तर शेकड्यानं युनिट लावणार नसाल तर या भानगडीत पडू नका, तयार सर्टिफाइड माल घ्या.

सीबीआरएस या अमेरिकेतल्या वाटून वापरायच्या बँडचं थोडक्यात: ३५५० ते ३७०० मध्ये सर्टिफाइड डबा असूनही तो, कोणी कुठे बोलायचं ते ठरवणाऱ्या एसएएस सर्व्हरची परवानगी मिळाल्याशिवाय बोलत नाही. ४७ डीबीएमपर्यंतच्या कॅटेगरी बी युनिटची जागा, उंची, दिशा, डाउनटिल्ट (अँटेना किती खाली झुकवलाय) आणि गेन हे सगळं सर्टिफाइड इन्स्टॉलरनं भरायचं असतं, जागा ५० मीटरच्या आत आणि उंची ३ मीटरच्या आत बरोबर पाहिजे. गच्चीवर उभं राहून अंदाजे उंची टाकणाऱ्याला हे काम देऊ नका.

फाइल

प्रत्येक साइटचं एक पान ठेवा: रेडिओचं मॉडेल आणि सिरियल नंबर, आयडी किंवा ईटीए नंबर, अँटेनाचं मॉडेल आणि गेन, चॅनेल, सेट केलेली पॉवर, ईआयआरपीचा हिशोब, कोणी कधी लावलं. सोबत लेबलचा आणि टॉवरवरच्या जुळणीचा फोटो. ग्रँट आणि रिपोर्टच्या पीडीएफ डाउनलोड करून ठेवा, लिंक ठेवू नका. इन्स्टॉलरनं खराब रेडिओ बदलला की त्याच दिवशी पान बदललं पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी टॉवरवर एक आणि कागदावर दुसरंच.

आणि हे लक्षात असू द्या की लायसन्स नसलेल्या बँडमध्ये सर्टिफिकेट तुमचं रक्षण करत नाही. कोणाला घातक इंटरफेरन्स झाला तर सर्टिफाइड रेडिओही बंद करावा लागतो, आणि तुम्हाला झाला तर सोसावा लागतो. म्हणून नियामकाचं पत्र किंवा माणूस आला तर आधी तो सांगेल तो रेडिओ बंद करा, वाद नंतर घाला. मग कुठली फ्रिक्वेन्सी, कुठली वेळ, कुठली दिशा हे त्याच्याकडून लेखी घ्या, आपल्या लॉगशी ताडा, त्या साइटचं पान आणि फोटो जोडून पत्रातल्या मुदतीच्या आत उत्तर पाठवा. त्या वेळेत सेटिंग बदललेलं असेल तर काय होतं आणि काय केलं ते सरळ लिहा, कारण त्यांच्या मीटरवर आधीचं रेकॉर्डिंग असतंच.